सगळे रिपोर्ट नॉर्मल, वजन मात्र ८४ किलो. उपचार घ्यायचे की नाही?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन ८४ किलो. गेल्या आठवड्यात ऑफिसतर्फे वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी साखर ९२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.४, ट्रायग्लिसराइड ११८, चांगलं कोलेस्टेरॉल ५२, बीपी ११८/७६. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे, काळजी करू नका." दोन दिवसांनी उजवा गुडघा दाखवायला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्सरे बघितला आणि म्हणाले, "आधी पंधरा किलो उतरवा, मग पुढचं बोलू."

आता ऐकायचं कुणाचं? मी आळशी नाही. घर, नोकरी, सासूबाईंचं सगळं बघते, दिवसभर पायावर असते. वजन मुलाच्या बाळंतपणापासून चढलं ते उतरलंच नाही. दोनदा डाएट केलं, आठ-नऊ किलो गेले आणि वर्षभरात व्याजासकट परत आले.

खरं कारण सांगते. माझी आई माझ्या वयाची असताना अगदी अशीच होती. अंगाने भरलेली, कामाला वाघ, कधी डॉक्टरची पायरी चढली नाही. सगळे म्हणायचे, हिला काही होत नाही. ५५ व्या वर्षी मधुमेह निघाला, ६१ व्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले. तिचे रिपोर्ट ४३ व्या वर्षी कुणी काढलेच नव्हते. काढले असते तर ते माझ्यासारखेच नॉर्मल आले असते का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

ज्वारीबाजरी (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, आधी एक विचारते. कमरेचा घेर मोजलात का? वजनापेक्षा मला तो आकडा हवा. टेप बेंबीवर ठेवू नका. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे ठेवा, श्वास सोडल्यावर मोजा, पोट आत ओढायचं नाही.

मोकळाश्वास (सोमवार, रात्री १०:५२)

मला वाटतं तुम्ही रिपोर्टवर विश्वास ठेवावा. जाड माणूस दिसला की वजनाशिवाय दुसरं काही दिसतच नाही अशी आपल्याकडची स्थिती आहे. मला स्वतःला आठ महिने जेवणानंतर उजव्या बाजूला पोटात दुखायचं. दोन ठिकाणी सांगितलं, दोन्हीकडे "वजन कमी करा, गॅस होणार नाही" एवढंच ऐकून घरी आले. तिसरीकडे सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे भरलेले निघाले. वजनाच्या नावाखाली माणसाला तपासायचंच टाळतात, हे मी भोगलंय. साखर, बीपी, चरबी सगळं ठीक असेल तर नुसत्या आकारासाठी कुणाला आजारी ठरवू नये.

तांबडीमाती (मंगळवार, सकाळी ७:०५)

कोल्हापुरातून लिहितोय. माझ्या थोरल्या काकांची गोष्ट सांगतो, विषयाला धरून आहे.

काका पैलवान. पेठेतल्या तालमीत पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग मातीत लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत. वजन ११० किलो. खुराक काय विचारू नका, दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. त्या काळात एका नोकरीसाठी त्यांची सगळी तपासणी झाली होती आणि कशात म्हणजे कशात खोट निघाली नव्हती. ३४ व्या वर्षी खांदा निखळला आणि तालीम सुटली. खुराक सुटला नाही. वजन काट्यावर जवळजवळ तेवढंच राहिलं, म्हणून घरात कुणाला काही वाटलं नाही. पण दंडाचं मांस पोटावर आलं. ४१ व्या वर्षी साखर ३०० च्या वर. पुढे चालताना दम लागायला लागला, पाय सुजायला लागले. ५८ ला गेले.

वजन तेच, माणूस तोच, फरक एवढाच की मेहनत गेली. मला हे कुणीतरी नीट समजावून सांगा.

लीड्सकर (मंगळवार, दुपारी १:३०)

इकडे इंग्लंडमध्ये २०२२ पासून एक सोपा नियम सांगतात: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांना बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याची) पट्टी वेगळी लावतात, २३ पासून जादा वजन, २७.५ पासून लठ्ठपणा. भारतात तर २५ लाच लठ्ठपणा धरतात. गोदाकाठ ताई, तुमचा बीएमआय मी काढला, ३३.६ येतो.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९:१०)

सगळ्यांचे आभार. घेर मोजला. ९८ सेंमी. उंचीचं निम्मं ७९. तीनदा मोजला, टेप बदलून पण मोजला.

ओपीडीनंतर (मंगळवार, रात्री ११:४५)

मी फिजिशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. तपासल्याशिवाय कुणाला उपचार सांगणार नाही, पण हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो म्हणून सविस्तर लिहितो.

गोदाकाठ, तुमच्यासारख्या स्थितीला वैद्यकात नाव आहे, 'चयापचय निरोगी असलेला लठ्ठपणा'. ही कल्पना खोटी नाही. एकाच वजनाच्या दोन माणसांत एकाची साखर बिघडलेली आणि दुसऱ्याची ठीक, हे आम्ही रोज पाहतो. अमेरिकेत सेंट लुईसला एक प्रयोग झाला होता, २०१५ साली छापून आला. लठ्ठ पण निरोगी आणि लठ्ठ व बिघडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना मुद्दाम रोज हजार कॅलरी जादा खायला घालून वजन सहा टक्के वाढवलं. बिघडलेल्यांचं आणखी बिघडलं. निरोगी होते त्यांचे आकडे जवळजवळ जागेवर राहिले. म्हणजे शरीराशरीरात फरक आहे, तो खरा आहे.

फरक कशाचा, तर चरबी ठेवायची जागा किती आहे याचा. कणगीचं उदाहरण घ्या. धान्य कणगीत आहे तोवर घर नीट चालतं. कणगी भरली की पोती ओसरीवर येतात, मग माजघरात, मग चुलीपाशी, आणि घरात वावरता येत नाही. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबावरची, ही शरीराची कणगी. तिच्यात जागा असेपर्यंत रक्तातले आकडे छान राहतात. ती भरली की चरबी पोटाच्या पोकळीत, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूत शिरते. यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात.

आता आपली कणगी. इथे आपल्या पुण्याचं काम जगभर वाचलं जातं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालला त्यात दिसलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे कणगी लहान घेऊनच आपण जन्माला येतो. ती भरायला युरोपीय माणसापेक्षा कमी धान्य लागतं. म्हणून ३३ बीएमआय आणि ९८ घेर असलेल्या मराठी बाईचे आकडे ४३ व्या वर्षी नॉर्मल असणं ही चांगली गोष्ट आहेच, पण मी त्यावर निश्चिंत होणार नाही. त्यात तुम्ही पाळी जाण्याच्या वयाजवळ आलात. तोवर बाईची चरबी मांड्यांवर जाते, त्यानंतर ती पोटाकडे वळते.

हा निरोगीपणा किती टिकतो? अमेरिकेतल्या नर्सेसचा जो मोठा अभ्यास आहे त्यात ९०,००० हून अधिक स्त्रियांचा तीस वर्षांचा मागोवा घेतला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लठ्ठ पण निरोगी असलेल्यांपैकी ८४ टक्के स्त्रियांना वीस वर्षांत मधुमेह, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यातलं काही ना काही लागलं. प्रामाणिकपणे हेही सांगतो की नेमक्या वजनाच्या निरोगी स्त्रियांतही ६८ टक्क्यांना लागलं, वय कुणाला सोडत नाही. पण वीस वर्षं ज्यांचं काहीच बिघडलं नाही अशा लठ्ठ स्त्रियांनाही हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका बारीक निरोगी स्त्रियांच्या दीडपटीहून थोडा जास्तच निघाला. मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या (२०१७). साखर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं ठीक असलेल्या लठ्ठ माणसांत हृदय निकामी होण्याचा धोका ९६ टक्के जास्त. रक्तवाहिनी तुंबली नाही तरी मोठं शरीर चालवायला हृदयाला जन्मभर जादा रक्त ढकलावं लागतं. ते ओझं कुठल्याच रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही.

तांबडीमाती, तुमच्या काकांचं उत्तरही यातच आहे. जपानच्या सुमो पैलवानांचे सीटी स्कॅन केले होते. एवढी अजस्र पोटं, पण चरबी बहुतेक सगळी कातडीखाली, पोकळीत फार कमी. रोजचे कष्ट ती आत जमू देत नाहीत. आखाडा सुटला की ती आत सरकते. रोजची मेहनत हे काकांचं औषध होतं आणि ते एका दिवसात बंद झालं.

एक प्रश्न विचारतो, गोदाकाठ. घोरता का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? दुपारी डोळा लागतो का?

मोकळाश्वास (बुधवार, सकाळी ८:२०)

डॉक्टर, पटलं बरंचसं. पण मग माझा मुद्दा चुकीचा का? खड्यांचं निदान आठ महिने लांबलं ते वजनाकडे बोट दाखवल्यामुळेच.

ओपीडीनंतर (बुधवार, दुपारी ३:१०)

अजिबात चुकीचा नाही. तुमच्या बाबतीत झाली ती आमच्या पेशाची चूक आहे. खरं तर जास्त वजनाच्या बाईला उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखत असेल तर पहिला संशय खड्यांचाच यायला हवा, कारण वजनाने खडे वाढतात. म्हणजे वजन बघितलं आणि तरीही वजनाचा अर्थ लावला नाही. आणि हेही इथे सगळ्यांनी वाचा: वजन फार झपाट्याने उतरवलं, आठवड्याला दीड किलोहून जास्त, तरीही खडे होतात. महिन्यात दहा किलोच्या जाहिराती बघून पोटावर अत्याचार करू नका.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०:३०)

डॉक्टर, तुमचे तीन प्रश्न वाचून मी आणि हे एकमेकांकडे बघत बसलो. घोरते. इतकी की दोन वर्षं झाली हे हॉलमध्ये झोपतात. मुलगा म्हणतो मधेच माझा श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग एकदम मोठा आवाज येतो. सकाळी डोकं धरलेलं असतं, मला वाटायचं ते ऊन आणि पित्त. बसमध्ये सीट मिळाली की दोन मिनिटांत झोप, परवा माझा स्टॉप चुकला. मी हे कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि मला तो आजार वाटलाच नाही.

निशिगंध (बुधवार, रात्री ११:०५)

ताई, उद्याच्या उद्या झोपेची तपासणी करून घ्या! माझ्या मिस्टरांचं हेच होतं. त्यांचीही साखर नॉर्मल होती. गाडी चालवताना डुलकी लागली, दुभाजकावर घासून थांबली म्हणून वाचले. तपासणीत कळलं की तासाला ४१ वेळा श्वास अडतो. आता नाकातून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावून झोपतात, तीन वर्षं झाली. आमच्या घरात घोरणं म्हणजे गाढ झोप असंच समजत होते सगळे.

ओपीडीनंतर (गुरुवार, सकाळी ६:५०)

निशिगंध बरोबर सांगतात. झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास अडणं, स्लीप ॲप्निया. मानेभोवती आणि जिभेत चरबी वाढली की ती वाट अरुंद होते. घरी एका रात्रीत यंत्र लावून तपासता येतं. तोवर गाडी चालवू नका, गुंगीचं औषध किंवा झोपेची गोळी घेऊ नका. कधी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याचं आधी सांगा.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने लठ्ठपणाचे दोन भाग केले. अवयवांच्या कामावर अजून परिणाम नाही तो आजाराआधीचा (प्रीक्लिनिकल) लठ्ठपणा, तिथे लक्ष ठेवायचं आणि धोका कमी करायचा. ज्यात वजनामुळे अवयवाचं काम किंवा रोजचं जगणं अडलंय तो आजार, तिथे उपचार करायचे. मोठ्यांसाठी अशा १८ खुणा दिल्यात. साखर आणि चरबी त्यातला एक कोपरा. झोपेतला श्वास, गुडघा, हृदय, यकृत, लघवी न थांबणं, पाळी बिघडणं हे सगळं त्यात आहे. म्हणजे गोदाकाठ, तुमची झोपेची तपासणी वाईट आली तर तुम्ही 'निरोगी लठ्ठ' नव्हताच. तुमचं जे बिघडलं होतं ते मोजलंच गेलं नव्हतं.

बाकी यादी एकदा सांगतो. यकृताची सोनोग्राफी, आणि रक्तातले एएसटी, एएलटी (हे यकृताचे आकडे) आणि प्लेटलेट. त्या तिघांत वय घालून फिब-४ नावाचा आकडा निघतो, १.३ च्या खाली असेल तर यकृतात वण पडल्याची शक्यता कमी. पाळी अनियमित असेल किंवा अंगावरून जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, कारण वजनाशी जोडलेल्या १३ प्रकारच्या कर्करोगांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वरच्या क्रमांकावर आहे आणि तो रक्तदाब नॉर्मल असला म्हणून लांब राहत नाही. साखर दरवर्षी. एवढं पुरे, शंभर तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका.

तांबडीमाती (गुरुवार, सकाळी ९:१५)

डॉक्टर, काकांचं वाचून गलबलून आलं. आम्ही एवढी वर्षं तुपालाच दोष देत होतो. माझा चुलतभाऊ आता खेळतोय, २६ वर्षांचा. त्याला काय सांगू?

ओपीडीनंतर (गुरुवार, रात्री १०:२०)

ज्या दिवशी लढती थांबतील त्याच आठवड्यात खुराक निम्मा करायचा आणि व्यायाम पूर्ण थांबवायचा नाही, हे आत्तापासून वस्तादांसमोर बोलून ठेवा. खेळ संपतो तेव्हा माणूस मनाने खचलेला असतो, त्या वेळी कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

ज्वारीबाजरी (शुक्रवार, दुपारी २:४०)

मी आहारतज्ज्ञ आहे, उपचारातला माझा भाग लिहिते.

ताई, पंधरा किलोचा आकडा डोक्यातून काढा. तुमच्यासाठी पहिला टप्पा चार ते सहा किलो. पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, दहा टक्क्यांच्या आसपास श्वास अडणं आणि यकृताची सूज यात ठळक फरक दिसतो. गुडघ्याचं गणित तर फार सुखद आहे: एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो.

दोन वेळा वजन परत का आलं? तुम्ही लिहिलं नाहीत पण मी अंदाज सांगते, उपाशी राहून उतरवलं असणार. त्यात स्नायू जातात, आणि परत येताना चरबी येते. आपल्या ताटात मुळात प्रथिनं कमी. सकाळी पोहे, अकराला चहा-बिस्कीट, दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, वरण पातळ. यात भूक लागणारच. दोन वेळच्या जेवणात मुगाची किंवा मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही, अंडं, मासे, तुमच्याकडे चालत असेल ते, पण ताटात आधी तेच वाढायचं आणि मग भाकरी. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा-दही किंवा भगर आणि दाण्याची आमटी. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठवर आणता आलं तर बघा, सासूबाईंची वेळ सांभाळून.

"दिवसभर पायावर असते" हे खरं आहे आणि त्याचा मान ठेवून सांगते, घरकामाने थकवा येतो पण हृदयाचा आणि स्नायूंचा व्यायाम पुरेसा होत नाही. आठवड्याला १५० मिनिटं थोडी धाप लागेल असं चालणं. गुडघा दुखत असेल तर सायकल किंवा पाण्यात. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. २०१४ मध्ये दहा अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात शरीराने तंदुरुस्त नसलेल्यांचा मृत्यूचा धोका वजन कितीही असो साधारण दुप्पट निघाला. काटा हलला नाही तरी व्यायामाचा फायदा बुडत नाही.

सातवामैल (शुक्रवार, रात्री ९:५५)

वजन उतरवायच्या इंजेक्शनबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी घेतलंय. पुरुष, ३८ वर्षं, १०४ किलोवरून नऊ महिन्यांत ८९. टिर्झेपाटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा डॉक्टरांनी सुरू केलं. पहिले दोन महिने मळमळ आणि बद्धकोष्ठ, नंतर सवय झाली. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे डोक्यातला खाण्याचा विचार थांबला. ज्याला तो विचार चोवीस तास येत नाही त्याला हे समजणार नाही. मग खर्च झेपेना म्हणून बंद केलं. पाच महिन्यांत सात किलो परत. आता कमी मात्रेवर पुन्हा सुरू केलंय. लाज वाटायची सांगायला, आता वाटत नाही.

ओपीडीनंतर (शनिवार, सकाळी ७:३०)

लाज वाटायचं कारणच नाही. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर कुणी रुग्णाला दोष देत नाही.

आकडे असे आहेत. सेमाग्लुटाइड या याच प्रकारच्या दुसऱ्या इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे सुरू करतानाच किती वर्षं घेणार आणि पैसे कुठून येणार हे बोलून घ्यावं. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार झालेल्या १७,००० हून अधिक लोकांत सेमाग्लुटाइडने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. स्लीप ॲप्नियासाठी टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून गोदाकाठच्या बाबतीत हा विषय अस्थानी नाही.

पण: स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉईडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असेल तर ही औषधं नकोत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, आणि टिर्झेपाटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. औषध चालू असताना प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोडलात तर स्नायू मोठ्या प्रमाणात जातात, आणि आपल्याकडे मुळात त्यांची शिल्लक कमी. व्हॉट्सॲपवरून, पार्लरमधून इंजेक्शन घेऊ नका.

शस्त्रक्रियेबद्दल एकच वाक्य: २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून तिचा विचार करता येतो असं म्हटलंय, पण ती ज्यांचं बाकी उपायांनी भागत नाही त्यांच्यासाठी आणि नीट तयारीनिशी.

मोकळाश्वास (शनिवार, सकाळी ११:४०)

सातवामैल, तुम्ही इतकं मोकळं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी पहिल्या प्रतिसादात रिपोर्टवर विश्वास ठेवा म्हणाले ते रागातून होतं. माझा घेर आज मोजला. ९१. सोमवारी यकृताची तपासणी करून घेणार आहे. मात्र डॉक्टरांना जाताना एकच सांगणार, आधी माझं ऐका, मग काट्यावर उभं करा.

गोदाकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५)

झोपेची तपासणी झाली. तासाला २२ वेळा श्वास अडतो, मध्यम प्रकारचा ॲप्निया. यकृतात थोडी चरबी आहे, फिब-४ मात्र १ च्या आसपास आला. साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त झाले होते आणि दर रात्री श्वास अडत होता, हे पचायला दोन दिवस लागले.

मशीन सुरू झालं. पहिल्या चार रात्री मास्क काढून फेकला. पाचव्या रात्री सलग साडेसहा तास झोपले. सकाळी डोकं हलकं होतं, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. एवढी वर्षं ही झोप मला माहीतच नव्हती.

हाडांच्या डॉक्टरांनाही पुन्हा भेटले. या वेळी त्यांना सांगितलं की पंधरा नाही, आधी पाच, आणि तोवर गुडघ्याचे व्यायाम शिकवा. त्यांनी फिजिओकडे पाठवलं. इंजेक्शन सध्या नाही, सहा महिन्यांनी बघू असं आमच्या फिजिशियनशी ठरलंय.

ओपीडीनंतर (रविवार, रात्री ११:००)

वाचून फार बरं वाटलं. मशीनने वजन उतरत नाही, क्वचित किलोभर वाढतंही, तेव्हा नाउमेद होऊ नका. झोप मिळाल्यावर चालायला अंगात जोर येतो, फायदा त्या वाटेने होतो.

गोदाकाठ (चार महिन्यांनी, गुरुवार, रात्री ९:२०)

धागा वर काढतेय. वजन ७८.६, घेर ९३. एका दमात जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाते, कठड्याला धरावं लागत नाही. हे पुन्हा खोलीत झोपायला आले, मशीनचा आवाज पंख्यासारखा वाटतो म्हणतात.

आईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मी पण अशीच घोरायचे गं, तुझे बाबा माडीवर झोपायचे." तिची तपासणी पुढच्या बुधवारी आहे. ६८ वर्षांची आहे, पण घरच्या घरी होते म्हणून तयार झाली.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री १०:०५)

नवीन सभासद आहे, सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या भावाचं सगळं असंच आहे, ३६ वर्षं, ९७ किलो, रिपोर्ट नॉर्मल, ट्रक चालवतो. मशीन एकदम विकत घेणं शक्य नाही. भाड्याने मिळतं का?

गोदाकाठ (गुरुवार, रात्री १०:१२)

हो, मिळतं. मी पहिला महिना भाड्यानेच घेतलं होतं. मास्क तेवढा स्वतःचा नवीन घ्या, आणि त्याच्या नाकाच्या मापाचा, दुकानात बसून लावून बघा. आणि तपासणी होईपर्यंत रात्रीच्या फेऱ्या थांबवता येतील का, ते त्याच्याशी आजच बोला.